ट्रॅप चार वेळा बदलला, धडधड तीच: दोष ट्रॅपच्या पुढे शोधा

पहाटे साडेपाचला फोन येतो. "दादा, परत आवाज सुरू झालाय. ट्रॅप गेला बघा." फोन पलूसकडच्या एका डेअरीतून असायचा. वर्षभरात या एका जागेवरचा स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारं उपकरण, चार वेळा बदलला गेला होता. नवा ट्रॅप बसवला की आठवडाभर शांतता, मग पुन्हा पाइपात कुणी हातोडा मारल्यासारखी धडधड, पीएचईच्या (प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे प्लेटांमधून उष्णता देणारं यंत्र) प्लेटांतून गळती आणि पाश्चरायझरचं तापमान खालीवर.

कुपवाडच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. स्टीमच्या कामासाठी सांगली जिल्ह्यात फिरणं होतं, आणि ही तक्रार मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं. तुमच्याकडे डेअरी नसेल, सायझिंग (सुताला खळ लावणं) असेल, जॅमची कढई असेल, लाँड्री असेल. जिथे कंट्रोल व्हॉल्व्हनं स्टीम कमी-जास्त होते आणि कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, वर चढवून बॉयलर हाऊसला नेलेलं आहे, तिथे हाच घोळ होऊ शकतो.

लक्षण नीट ऐका

त्या डेअरीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ट्रॅपला हातच लावला नाही. ऑपरेटरला विचारलं, आवाज नेमका कधी येतो? तो म्हणाला, "दूध संपत आलं की. सुरुवातीला सगळं झकास असतं." शेजारी उभे असलेले बॉयलरवरचे मामा म्हणाले, "मशिन रिसर्क्युलेशनला टाकलं की हमखास."

इथेच अर्धं उत्तर होतं. ट्रॅप लहान पडत असेल किंवा चोंदला असेल, तर त्रास जास्त लोडला व्हायला हवा, कारण तेव्हा कंडेन्सेट सगळ्यात जास्त बनतं. इथे उलटं होतं. भरपूर दूध चालू असताना, म्हणजे स्टीम सर्वात जास्त लागत असताना सगळं शांत, आणि दूध कमी झालं, तेच गरम दूध फिरायला लागलं, स्टीमची गरज घटली, की दणदणाट. कमी लोडला येणारा आवाज हा बहुतेक वेळा ट्रॅपचा दोष नसतो. ट्रॅपला पाणी ढकलायला दाबच उरत नाही, त्याचा तो आवाज असतो.

तुमच्याकडेही हा प्रश्न आधी विचारा. सकाळी स्टीम सोडताना आवाज येतो, की पूर्ण लोडला, की लोड उतरल्यावर? तीन वेळांची तीन वेगळी कारणं असतात.

ट्रॅप करतो काय

मोदकपात्राचं झाकण उचललं की आतून पाण्याचे थेंब ओघळतात. वाफेनं झाकणाला उष्णता दिली आणि ती पाणी झाली. कारखान्यात हेच होतं, फक्त झाकणाच्या जागी पीएचईची प्लेट किंवा कढईचं जॅकेट असतं. १ किलो वाफ पाणी होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता सोडते, तेही तापमान १०० अंशांवरून न उतरता. तेच १ किलो उकळतं पाणी १०० वरून ८० अंशांपर्यंत थंड झालं तर जेमतेम ८४ किलोज्यूल देतं. म्हणून आपल्याला आत वाफ हवी, पाणी नको. पाणी साचलं की तेवढा पृष्ठभाग कामातून गेला.

हवेचंही तसंच आहे. रात्री स्टीम बंद झाली की लाइन थंड होते, आत पोकळी तयार होते आणि गळत्या ग्लँडमधून, फ्लँजमधून हवा शिरते. हवा उष्णता फार कमी वाहते, पाण्याच्या विसाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नाही. जॅकेटच्या आतल्या बाजूला हवेचा पातळ थर राहिला तरी तुपाची कढई तापायला अर्धा तास जास्त घेते, आणि दोष बॉयलरवाल्याला लागतो.

तेव्हा ट्रॅपची कामं तीन: पाणी बाहेर काढायचं, हवा बाहेर काढायची, वाफ आत अडवायची. पण चौथं एक काम लोक त्याच्यावर लादतात, ते म्हणजे पाणी उचलून टाकीपर्यंत पोचवायचं. ट्रॅप हे करत नाही, तो पंप नाही. ट्रॅप म्हणजे आपोआप उघडणारं-मिटणारं दार. दारातून पाणी बाहेर जाणार ते आतल्या दाबानं. आत दाब नाही तर दार सताड उघडं असलं तरी पाणी जागेवरच राहणार.

साखर कारखान्यात हे सगळ्यांना माहीत असतं. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉड्या (भांडी) व्हॅक्यूमखाली चालतात, तिथलं कंडेन्सेट पंप लावून काढावं लागतं. तिथल्या कुणा फिटरला तुम्ही म्हणालात की नुसता ट्रॅप लावून पाणी वर चढव, तर तो हसेल. आणि आपल्या भागातले कितीतरी चांगले फिटर साखर कारखान्यातच शिकलेले आहेत. तोच माणूस डेअरीत आला की मात्र ट्रॅपकडून ती अपेक्षा करतो, कारण इथे व्हॅक्यूम डोळ्यांना दिसत नाही. गेज बहुधा कंट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे असतो आणि तो बिचारा ३ बार दाखवत राहतो.

आकडे मांडून पाहा

त्या डेअरीत बॉयलर ७ बारला चालायचा. पीआरव्हीनं (दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हनं) दाब ३ बारवर आणलेला. पुढे कंट्रोल व्हॉल्व्ह, मग हॉट वॉटरचा छोटा पीएचई. पूर्ण लोडला कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे, म्हणजे पीएचईच्या आत, २ बार मिळायचा. त्या दाबाला स्टीमचं तापमान साधारण १३३ अंश. तापवायचं पाणी ७७ ला येतं, ८३ ला जातं, सरासरी ८० धरू. म्हणजे स्टीम आणि पाणी यांच्यातला फरक ५३ अंशांचा. हा फरकच उष्णता ढकलतो.

आता दूध संपत आलं, लोड निम्म्यावर उतरला. निम्मी उष्णता द्यायला निम्मा फरक पुरतो, साधारण २७ अंश. म्हणून कंट्रोल व्हॉल्व्ह स्वतःला मिटत मिटत स्टीमचं तापमान १०७ अंशांवर आणतो. १०७ अंशांच्या स्टीमचा दाब किती? पाव बारच्या थोडा वर. लोड ३० टक्क्यांवर आला तर लागतात फक्त ९६ अंश. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळतं. म्हणजे ९६ अंशांना पीएचईच्या आत दाब नाहीच, उलट ओढ आहे.

दुसऱ्या बाजूला ट्रॅपच्या पुढे काय होतं ते बघू. ट्रॅपमधून निघालेला पाइप सरळ वर ६ मीटर चढून, रस्ता ओलांडून बॉयलर हाऊसच्या फीड टँकला गेलेला. प्रत्येक मीटर चढाला ०.१ बार लागतो, म्हणजे ६ मीटरला ०.६ बार. शिवाय त्याच रिटर्न लाइनमध्ये तुपाच्या कढया आणि कॅन वॉशरचे ट्रॅप सोडलेले. गरम कंडेन्सेट कमी दाबात आलं की त्यातलं काही पुन्हा वाफ होतं. ७ बारच्या लाइनचं कंडेन्सेट उघड्यावर आलं तर सुमारे १३ टक्के फ्लॅश होतं. वजनात १३ टक्के, पण आकारमानात जवळजवळ सगळा पाइप तीच वाफ भरून टाकते. रिटर्नचा पाइप पाण्याच्या हिशोबानं टाकलेला, एक इंची, त्यात ही वाफ कोंबली जाते आणि लाइनीत दाब उभा राहतो. आम्ही गेज लावून मोजला, चढ सोडून ०.३ बार होता.

दोन्ही मिळून ०.९ बार. पीएचईच्या आत ०.९ बारपेक्षा जास्त दाब असेल तरच पाणी बाहेर जाणार. ०.९ बारचं तापमान सुमारे ११८ अंश. ८० आणि ११८ मध्ये फरक ३८. पूर्ण लोडचा फरक ५३. अडतीस भागिले त्रेपन्न, म्हणजे लोड ७२ टक्क्यांच्या खाली उतरला की पाणी अडणार. दिवसातला कितीतरी वेळ ही डेअरी त्याच्या खालीच चालायची.

अडल्यावर काय होतं? पीएचईत पाणी चढत जातं, प्लेटा पाण्याखाली जातात, तापमान घसरतं. कंट्रोलर घाबरून व्हॉल्व्ह उघडतो. ताजी स्टीम थंड झालेल्या पाण्यावर जोरात येऊन आदळते, तिचे बुडबुडे क्षणात मिटतात आणि पाणी चहूकडून त्या पोकळीत धावतं. तीच धडधड. दाब वाढल्यावर पाणी एकदम ढकललं जातं, प्लेटा मोकळ्या होतात, तापमान झेप घेतं, व्हॉल्व्ह पुन्हा मिटतो. पुन्हा पहिल्यापासून. पाश्चरायझरला दूध ७२ अंशांवर १५ सेकंद टिकवायचं असतं. तापमान खाली गेलं की डायव्हर्शन व्हॉल्व्ह दूध मागे वळवतो. दूध मागे वळलं की लोड आणखी उतरतो आणि चक्र अजून घट्ट होतं.

आणि ट्रॅप? त्याच्या आतला, पाण्यावर तरंगून झडप उघडणारा पोकळ गोळा या दणक्यांनी चेपतो. चेपलेला, भेगाळलेला गोळा तरंगत नाही, ट्रॅप मिटलेलाच राहतो. मग लोक तो उघडून बघतात, गोळा चेपलेला दिसतो आणि म्हणतात, "बघा, ट्रॅपच खराब निघाला." चारही वेळा असंच झालं होतं. मार खाणाऱ्यालाच मारणारा ठरवलं गेलं.

खात्री कशी करायची

अंदाजावर पैसे घालू नका. एक चाचणी आहे, अर्ध्या तासाची. ट्रॅपच्या पुढे, रिटर्न लाइनच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलट येऊ न देणाऱ्या) आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक असावा. नसेल तर पुढच्या बंदमध्ये बसवून घ्या. कॉकचं तोंड पाइपानं सुरक्षित जागी, खाली गटाराकडे वळवा. लोड कमी असताना, आवाज चालू असताना, रिटर्नचा व्हॉल्व्ह बंद करून हा कॉक हळू उघडा. पाणी भसाभस आलं, आवाज थांबला, तापमान स्थिर झालं, तर ट्रॅप निर्दोष आहे. दोष त्याच्या पुढच्या पाइपात आहे. कॉक उघडूनही पाणी आलं नाही आणि आवाज तसाच राहिला, तर मग ट्रॅप, त्याची जाळी, आधीचा पाइप तपासा.

पलूसकडच्या त्या डेअरीत कॉक उघडल्यावर दोन मिनिटांत पीएचई गप्प झाला. मामा कान देऊन उभे होते. "एवढंच होतं होय?" म्हणाले.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण या कामात लोक भाजलेले मी पाहिलेत. ३ बारचं कंडेन्सेट १४३ अंशांचं असतं. कॉक उघडताच त्यातलं काही वाफ होऊन उडतं, बाकीचं उकळतं पाणी सोबत येतं. तोंडासमोर उभं राहू नका, लांब बाह्या आणि हातमोजे हवेतच. ट्रॅप उघडायचा असेल तर दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, दाब सोडलेला, आणि थंड होईपर्यंत थांबायचं. धडधड चालू असताना कुणीही स्टीम वाढवू नये, आधी स्टीम हळूहळू बंद करावी. दणक्यानं ओतीव लोखंडी व्हॉल्व्ह फुटतात.

आम्ही काय केलं

पीएचईचा स्टँड जमिनीपासून जेमतेम एक वीत होता. तो उंच केला, म्हणजे कंडेन्सेटचं तोंड आणि ट्रॅप यांच्यात ६० सेंटिमीटरचा उतार मिळाला. तेवढ्या उभ्या पाण्याचाही ०.०६ बार ढकल मिळतो, आणि आत दाब शून्य असताना तोच कामी येतो. ट्रॅपच्या पुढचा पाइप वर न नेता खाली, शेजारच्या छोट्या टाकीत सोडला. टाकीचा व्हेंट छताच्या बाहेर काढला, तो नेहमी उघडा. त्यामुळे ट्रॅपच्या पुढचा दाब ०.९ वरून जवळपास शून्यावर आला.

टाकीतून फीड टँकपर्यंत उचलायला मालकांनी आधी बाजारातला साधा मोनोब्लॉक आणला होता. तो चालला नाही. पंचाण्णव अंशांचं पाणी पंपाच्या तोंडाशी दाब उतरताच उकळतं आणि पंपात खडे भरल्यासारखा आवाज येतो. टाकी पंपापेक्षा चांगली दोन-तीन मीटर वर ठेवता आली तर साधा पंप चालेल, पण तिथे ती उंची नव्हती. म्हणून स्टीमच्या दाबावर चालणारा कंडेन्सेट पंप लावला. त्यात मोटर नाही, आत गोळा असतो. पाणी भरलं की स्टीम आत येते आणि पाणी ढकलून देते. महाग पडतो, हे खरं. पण चार ट्रॅप, प्लेटांची गॅस्केट, दर वेळी थांबलेलं दूध यांचा हिशोब मालकांनी स्वतः मांडला आणि मग माझ्याशी घासाघीस केली नाही.

एवढ्यानं सगळं संपलं का? नाही. ट्रॅपच्या पुढे शून्य दाब असला तरी ३४ टक्क्यांच्या खाली लोड गेला की पीएचईच्या आत स्टीम ९८ अंशांच्या खाली जाते, आत ओढ तयार होते आणि पाणी पुन्हा लटकतं. त्यासाठी कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे व्हॅक्यूम ब्रेकर बसवला. आत ओढ झाली की तो हवा आत घेतो, पाणी उतारानं निघून जातं. यात तोटाही आहे: हवेसोबत ऑक्सिजन येतो, कंडेन्सेट लाइन गंजते. मला तो सौदा मान्य होता, कारण पीएचईत पाणी साचून जे नुकसान होतं ते त्याहून मोठं. ट्रॅप एअर व्हेंटवाला असल्यामुळे आलेली हवा पुढच्या लोडला निघून जाते.

कंडेन्सेट सरळ गटारात का सोडलं नाही, असंही एकानं विचारलं. फीड वॉटर ६ अंशांनी जास्त गरम मिळालं की साधारण १ टक्का इंधन वाचतं, हा बॉयलरवाल्यांचा जुना हिशोब आहे. त्यात हे पाणी जवळजवळ क्षारमुक्त. आपल्याकडे बोअरचं पाणी किती जड आहे ते सॉफ्टनरच्या मिठाच्या पोत्यांना विचारा.

ट्रॅपचाच दोष असतो तेव्हा

ट्रॅप कधीच बिघडत नाहीत असं म्हणायचं नाही. पण प्रत्येक जातीचा बिघडण्याचा ढंग वेगळा आहे.

वरच्या गोष्टीतल्या चारपैकी एका बदलीत खरी चूक झालीच होती. स्टोअरमधून त्याच आकाराचा, त्याच रंगाचा गोळ्याचा ट्रॅप दिला गेला, पण त्याच्या पट्टीवर १४ बार लिहिलेलं. आधीचा ४.५ बारचा होता. बाहेरून भाऊ-भाऊ, आत छिद्र वेगळं. जास्त दाबाच्या ट्रॅपचं छिद्र बारीक असतं, कारण गोळ्याच्या तरंगण्याच्या जोरावर तेवढ्या दाबाविरुद्ध झडप उघडायची असते. कमी दाबाच्या जागी तो लावला की पाणी पुरेसं जात नाही. उलटी चूक आणखी वाईट: ४.५ बारचा ट्रॅप ७ बारच्या लाइनला लावला तर गोळा कितीही वर आला तरी झडप उघडतच नाही आणि लोक म्हणतात नवा ट्रॅप जाम निघाला. ट्रॅप पाइपाच्या इंचावर निवडायचा नसतो. ट्रॅपच्या आधीचा दाब वजा पुढचा दाब, आणि तासाला किती किलो पाणी, यावर निवडायचा. सुरू होतानाचं पाणी जास्त असतं म्हणून त्याच्या दीड-दोन पट धरायचं.

मेन लाइनच्या पॉकेटवर (पाणी साठायला लाइनीला खाली जोडलेला पाइपाचा तुकडा) बहुतेक ठिकाणी थर्मोडायनॅमिक, म्हणजे चकतीचा ट्रॅप असतो. पाणी चकती उचलून जातं. वाफ आली की ती चकतीखालून वेगानं धावते, तिथला दाब पडतो, वर साठलेली वाफ चकती दाबून बसवते. टक् आवाज, मग शांतता, मग पुन्हा. हा आवाज मिनिटाला काही वेळा आला तर तब्येत ठणठणीत. मशीनगनसारखा तडतडायला लागला तर चकती आणि तिची बैठक झिजली. पावसात उघड्यावरचे हे ट्रॅप उगाच जास्त वेळा उघडतात, कारण टोपी थंड पडली की वरची वाफ विरते. टोपीवर झाकण मिळतं, ते घाला, पण ट्रॅपला पूर्ण लॅगिंग (उष्णता राखणारं वेष्टण) करू नका. आणि पुढचा दाब आधीच्या दाबाच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त झाला की ही चकती मिटतच नाही.

उलट्या बादलीच्या ट्रॅपला आत पाण्याची बैठक लागते. दाब अचानक पडला की ती पाणी सोडून देते आणि मग ट्रॅपमधून सलग वाफ जाते. अशा वेळी ट्रॅप बदलायची गरज नसते. आधीचा व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद ठेवा, पाणी साठू द्या, हळू उघडा. पुन्हापुन्हा होत असेल तर ट्रॅपच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

सायझिंगच्या फिरत्या सिलिंडरची अडचण वेगळीच. आतलं पाणी सायफनच्या नळीनं वर ओढून काढतात. नळीत वाफ अडकली की ट्रॅप मिटून बसतो, सिलिंडर पाण्यानं जड होतो, ताणा ओला निघतो, आणि मोटरचे अँपिअर वाढतात. इथे स्टीम लॉक रिलीज असलेला गोळ्याचा ट्रॅप लागतो, ज्यात अडकलेली वाफ बारीक सुईतून सतत थोडी जाऊ देतात. विट्याकडे एकानं प्रत्येक सिलिंडरला बायपास (ट्रॅपला वळसा घालणारा पाइप) कायमचा अर्धा उघडा ठेवला होता. काम चालत होतं, पण बॉयलरला श्वास नव्हता.

आणि एक ट्रॅप तीन कढयांना, ही काटकसर कधीही करू नका. तीन कढयांत दाब कधीच सारखा नसतो. जिच्यात जास्त, ती आपली वाफ ट्रॅपपर्यंत पोचवते, ट्रॅप मिटतो आणि बाकी दोघींचं पाणी आतच. "मधली कढई नेहमी मागे राहते" ही तक्रार आली की मी आधी पाइप मोजतो. दर कढईला स्वतःचा ट्रॅप.

ट्रॅप गळतो की नाही हे तोंडाशी बघून ठरवताना लोक फसतात. उघड्या तोंडातून पांढरी वाफ येते म्हणून "वाफ वाया चालली" असं म्हणू नका, ती बहुतेक फ्लॅश असते, पाण्यासोबत लगेच पांढरी होऊन पसरणारी. खरी गळती असेल तर तोंडाजवळ थोड्या अंतरापर्यंत काही दिसतच नाही, सुसाट जोर असतो, आणि पुढे जाऊन ती पांढरी होते. शंका असेल तर लांब पेचकस ट्रॅपला टेकवून कान लावा. तापमानाच्या गनवर एकट्या विसंबू नका. फ्लॅशमुळे पुढचा पाइपही शंभराच्या आसपास दाखवतो, आणि चकाकत्या पाइपावर गन चुकीचं वाचते. ट्रॅप थंडगार लागला तर मात्र तो नक्की अडलेला आहे किंवा आधीचा व्हॉल्व्ह बंद आहे.

खऱ्या गळतीचा हिशोब असा: ३ मिलिमीटरच्या भोकातून ७ बारला तासाला २५ ते ३० किलो वाफ जाते. दिवसाला सहाशे किलोच्या वर. ब्रिकेटवर (दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्यांवर) चालणारा बॉयलर किलोला साधारण ४ किलो वाफ देतो असं धरलं तरी रोज दीडशे किलो ब्रिकेट एका झिजलेल्या चकतीत जळतात.

सकाळच्या आवाजाबद्दल

ज्यांच्याकडे फक्त सकाळी स्टीम सोडताना दणका बसतो, त्यांचं कारण बहुधा मेन लाइनमध्ये असतं. मेनमध्ये वाफ सेकंदाला २५ ते ४० मीटर, म्हणजे तासाला ९० ते १४० किलोमीटरच्या वेगानं धावते. वाटेत साचलेलं पाणी ती लाटेसारखं उचलते आणि पहिल्या बेंडवर आपटते. लाइनला वाफेच्या दिशेनं १०० ला १ उतार द्या, दर ३० ते ५० मीटरला पॉकेट द्या, आणि पॉकेट लाइनीच्याच मापाचं, मोठं. ४ इंची लाइनला अर्धा इंची तोटी जोडून तिला पॉकेट म्हणणं बरोबर नाही, पाणी तिच्यावरून उडून जातं. सपोर्ट बसला आणि मध्ये झोळ पडला की तिथे पाणी राहणारच. दोरी धरून बघा. स्टीम लाइनची जाळी खाली तोंड करून लावू नका, आडवी लावा, नाहीतर जाळीच पाण्याचं भांडं होते. व्हॉल्व्ह आधी पाव चक्र, गरम होऊ द्या, मग पुढे.

पॉकेट वेल्ड करायला कुणालाही बोलवू नका. ३.५ किलोच्या (साधारण ३.५ बारच्या) वर दाब असलेली स्टीम लाइन बॉयलर कायद्याखाली येते. पाइप, वेल्डर आणि कामाची मंजुरी तिन्ही कागदोपत्री लागतं.

त्या डेअरीत काम झाल्यानंतर मी मामांना दोन गोष्टी सांगून आलो. ट्रॅपच्या आधीची जाळी महिन्यातून एकदा उघडायची, बॉयलर शटडाऊननंतर मात्र पहिल्या आठवड्यातच, कारण वेल्डिंगचा कचरा सगळा तेव्हाच येतो. आणि बायपासच्या चाकाला तार बांधून ठेवायची. ज्याला उघडायचा आहे त्यानं तार तोडून वहीत वेळ आणि कारण लिहायचं. गेल्या पावसाळ्यात गेलो तेव्हा वही पाहिली. तीन नोंदी होत्या, तिन्ही जाळी साफ करतानाच्या. स्टँडवरचा तो ट्रॅप अजून तोच आहे.